उलटं झुकलेलं माप

त्या माणसाला ऑफिसात सगळे तराजू म्हणायचे. तोंडावर तराजूसाहेब, पाठीमागे नुसतं तराजू, आणि चिडले की मोडका तराजू. नाव कोणी ठेवलं यावर वाद आहे, पण ज्याने ठेवलं त्याने याला बिस्किट मोडताना पाहिलं असणार. बशीत शेवटचं बिस्किट उरलं आणि माणसं दोन असली, की हा गृहस्थ ते मधोमध मोडायचा, दोन्ही तुकडे डोळ्यांसमोर धरून निरखायचा आणि मोठा समोरच्याला द्यायचा. बरोबर अर्धं जमलंच नाही तर आपल्याकडे जास्त यायला नको, एवढीच त्याला धास्ती. आपल्याकडे कमी आलं तर ती चूक त्याच्या हिशेबी चूकच नव्हती.

नोकरी म्हणाल, तर पाच गावांनी मिळून काढलेल्या एका मंडळाचा तो सचिव. गावं एकमेकांना खेटून वसलेली आणि एकमेकांचं तोंड न बघणारी. एकाचं पाणी दुसऱ्याच्या तळ्यात, दुसऱ्याचा कचरा तिसऱ्याच्या हद्दीत, म्हणून नाइलाजाने हा संसार. ऑफिस एका बंद पडलेल्या बँकेच्या इमारतीत होतं. जिथे पूर्वी रोखपाल बसायचा त्या जाळीमागे आता टंकलेखिका बसे, आणि तिजोरीच्या खोलीत समितीच्या बैठका भरत. खोलीला खिडकी नव्हती. आत गेलेला माणूस सही करूनच बाहेर यायचा, नाहीतर गुदमरून.

घरी तो, त्याची मोठी बहीण आणि बहिणीची मुलगी. मेहुणे लवकर गेले, तेव्हापासून मायलेकी याच्याकडे. याने लग्न केलं नव्हतं. दोन स्थळं सारखीच चांगली आली आणि ह्याच्याने ठरेना, असं लोक सांगतात. खरंखोटं त्यालाच ठाऊक, पण गोष्ट त्याला शोभते.

बहिणीला तो अक्का म्हणे. अक्का पेशाने नर्स. शेजारच्या गावातल्या दवाखान्यात ती वर्षानुवर्षं सायकलने गेली. मधला रस्ता खाणीचा. त्यावर खडीने भरलेले डंपर उजाडल्यापासून सुरू होतात, आणि भरलेल्या डंपरपुढे सायकल म्हणजे पानावरची मुंगी. एका सकाळी एका डंपरचा मागचा कोपरा अक्काला लागला. जीव वाचला, कंबर गेली. तेव्हापासून दोन कुबड्या आणि घरातल्या घरात फेऱ्या. पायांचा जोर गेला तो सगळा जिभेत आला, असं तिची मुलगीच म्हणायची.

आणि ही मुलगी, म्हणजे तराजूची भाची? नर्सच. त्याच दवाखान्यात, त्याच रस्त्याने, सायकलवर. सकाळच्या पाळीला तिकडे जाणारी बस नाही, आणि आईला सोडून तिकडे खोली घ्यायला ती तयार नाही. "तुझं काय झालं ते तुझ्या नशिबाने झालं, माझं नशीब वेगळं आहे," असं म्हणून पोरगी पेडल मारायची. तराजू दात घासता घासता अंगणात यायचा आणि ती वळणाआड जाईपर्यंत ब्रश तोंडात तसाच राहायचा.

आता या रस्त्याला समांतर, हाकेच्या अंतरावर, एका जुन्या मालगाडीच्या मार्गाचा भराव होता. रूळ कधीच उचलून नेलेले. उरला होता मातीचा उंचवटा, सपाट, सरळ, दोन्ही बाजूंना झाडं. पण त्याच्यावर माणूस बुडेल एवढी काटेरी झुडपं माजलेली आणि ओढ्यावरच्या पुलाच्या फळ्या लोकांनी घराला लावलेल्या. अक्काच्या अपघातानंतर तराजूने एकच ध्यास घेतला. या भरावावरून पाच गावांना जोडणारी, चालणाऱ्यांची आणि सायकलींची वाट करायची. त्याने अध्यक्षांमागून अध्यक्ष पटवले. एक पटला की निवडणूक यायची आणि पटलेला पडायचा. पुन्हा पहिल्यापासून. रस्त्यांचे इंजिनिअर तर त्याला पाहिलं की म्हणायचे, "आला बघा भराव!"

शेवटी वरून मंजुरी आली. मात्र एक मेख होती. पैसे एकाच वाटेचे. ती भरावावरून जाईल की पलीकडच्या तळ्याकाठून, हे नेमलेला सल्लागार ठरवणार. आणि सल्लागार कोण, हे चार जणांची समिती ठरवणार. अध्यक्ष, रस्त्यांचे इंजिनिअर, तळ्याकाठच्या हॉटेलच्या मालकीणबाई आणि तराजू.

इथे समितीच्या एका जुन्या रीतीबद्दल सांगायला हवं. मंडळात कोणाचीही निवड करायची झाली की प्रत्येक सभासदापुढे एक गुणपत्रक आणि एक शिसपेन्सिल ठेवली जायची. आधी पेन्सिलीने गुण. मग चहा. चहा पिता पिता अध्यक्ष विचारणार, "तुमचं काय आलंय?" मग कोणी म्हणणार, "माझे जरा जास्तच झाले वाटतं," आणि खोडरबर टेबलावरून फिरणार. सगळ्यांचं जुळलं की मग वरून पेन. खोडरबर कायम अध्यक्षांच्या खिशात. अध्यक्ष बदलले तरी खिशातून खिशात जायचं, राजदंडासारखं.

याच रीतीने नेमलेल्या एका विद्वानाने पाण्याची टाकी अशी बांधायला लावली, की पाणी टाकीकडून घरांकडे जायच्या ऐवजी घरांकडून टाकीकडे जाऊ लागलं. गावभर बोंब झाली. दुधाने पोळलेल्या मंडळाला तेव्हा तराजूने नवा नियम गळी उतरवला. गुण थेट पेनाने, एकमेकांशी न बोलता. मोठ्याने वाचून दाखवले की बदलायचे नाहीत. आणि चहा निकालानंतर. तो चहाचा नियम सगळ्यांना फार लागला. पण ठराव झाला, आणि सायकलवाटेची निवड ही नव्या नियमाखालची पहिलीच निवड.

शेवटच्या फेरीत दोघे उरले.

पहिली एक मोठ्या शहरातली कंपनी. तिचा माणूस इतका गुळगुळीत की दाढीसुद्धा पट्टी लावून आखलेली वाटावी. त्याने तिजोरीच्या खोलीत अंधार करून फिल्म दाखवली. आकाशातून दिसणारं तळं, काठाने वळणं घेणारी वाट, आणि वाटेवर हसतमुखाने सायकली चालवणारी गोरीगोमटी मंडळी. त्यांच्यातल्या कोणालाही कुठेही वेळेवर पोचायचं नव्हतं. मालकीणबाई मात्र पुढे सरकून बसल्या, कारण फिल्मच्या एका कोपऱ्यात त्यांचं हॉटेल दिसलं.

दुसरं एक जोडपं. नवरा-बायको दोघंही आराखडे काढणारी, लहानसं ऑफिस, गाठीशी अशी एकच वाट बांधून घेतल्याचा अनुभव. दोघांच्या हातांवर काट्यांचे ओरखडे. नकाशाची गुंडाळी उलगडली तर ती टेबलावर मावेना, जमिनीवर पसरली, आणि चारही सभासद बूट सांभाळत भिंतीला चिकटून उभे राहिले. बायकोने गुडघ्यांवर बसून बोट ठेवलं.

"आम्ही आधी वाट नाही बघितली. इथून रोज कोण जातं ते बघितलं. खाणीच्या रस्त्याने सकाळी एक नर्स जाते सायकलवरून. डंपर आला की उतरते, गटारात उभी राहते, गेला की परत चढते. तिला विचारलं, भरावावरून वाट झाली तर जाशील का? म्हणाली, डोळे मिटून जाईन."

खोलीत कोणी तराजूकडे बघितलं नाही. न बघण्याची ती तऱ्हाच अशी होती की सगळ्यांनी बघितल्यासारखं झालं. तराजूचे कान लाल झाले. पोरगी रोज गटारात उतरते हे त्याला घरात कधी कळलं नव्हतं.

दोघं गेल्यावर अध्यक्षांनी त्याला बोळात गाठलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त झालेले दातांचे डॉक्टर. जन्मभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावून त्यांना स्वतःचं मिटायची सवय राहिली नव्हती.

"जोडपं बरं वाटलं ना हो?"

"साहेब, गुण देण्याआधी बोलायचं नाही."

"नियम तुमचाच आहे, ठाऊक आहे मला. पण खोडरबर अजून खिशात आहे. या एका वेळेला पेन्सिलीने करू. तुम्ही नुसतं हो म्हणा, बाकीचं मी बघतो. अक्कांचं आम्हाला काय कळत नाही का?"

"अक्काचं नाव या इमारतीत नको."

"अहो, दात काढतोय तुमचा, डोकं नाही. इतकं काय घाबरता?"

"पेनानेच द्यायचे," तराजू म्हणाला आणि आत गेला.

आता बघा, इथे माणूस स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घेतो. अनुभवाचे गुण सोपे होते. कंपनीने अशा वाटा ढिगाने केल्या होत्या, जोडप्याने एकच. त्याप्रमाणे मांडले, त्यात काही वाद नव्हता. मग रकाना आला 'वाटेची समज'. पेन पैकीच्या पैकी द्यायला निघालं आणि तिथेच त्याचा हात अडला. हे गुण जोडप्याच्या समजेचे, की आपल्या भाचीचे? परक्या पोरीची गोष्ट सांगितली असती तर एवढे दिले असते का? नक्की सांगता येईना. म्हणून त्याने थोडे कमी केले. तरी मनाला वाटेना की पुरेसे कमी झाले. अध्यक्ष बोळात बोलले होते, त्याचा डागही धुवायला हवा होता. म्हणून आणखी थोडे कमी केले. मग 'मांडणी'चा रकाना आला. तिथे जोडप्याचे आणखी कमी, आणि कंपनीचे, अन्याय नको म्हणून, थोडे जास्त. चिमूट काढायला गेला आणि मूठ काढून बसला. खाली सही केली तेव्हा त्याला फार हलकं वाटलं. आपण अगदी निर्मळ राहिलो, असं.

अध्यक्षांनी पत्रकं मोठ्याने वाचली. त्यांनी स्वतः जोडप्याला भरभरून दिले होते. इंजिनिअरांनी जोडप्याला पुढे ठेवलं होतं. मालकीणबाईंनी कंपनीला पैकीच्या पैकी. शेवटी तराजूचं पत्रक. अध्यक्ष वाचता वाचता थांबले, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. बेरीज झाली. कंपनी पुढे. पुढे म्हणजे केसभर.

पहिल्यांदा बोलल्या त्या मालकीणबाई. "अहो तराजूसाहेब, हे काय! मी तर तुमच्या धाकाने कंपनीला सगळे देऊन टाकले. म्हटलं, तुम्ही तिकडे जोडप्यावर ओतणार, तर आपलंही थोडं दिसावं कागदावर. मला काय माहीत तुम्ही..." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

इंजिनिअर उठून उभे राहिले. "इतकी वर्षं भराव भराव करून माझ्या डोक्याचा भुगा केलात. मी आज पहिल्यांदा तुमच्या बाजूने मत दिलं, आणि तुम्ही नाही दिलंत?"

तराजूचं पत्रक त्याच्यापुढे ठेवलं होतं आणि तो ते दुसऱ्या कोणाचं असावं तसं वाचत होता.

अध्यक्षांनी खिशातून खोडरबर काढून टेबलावर ठेवलं. "शाई आहे नाही का," ते म्हणाले.

"हो."

"निवडच रद्द केली तर?"

"मंजुरीची मुदत संपते. पैसे परत जातात. मग कोणतीच वाट नाही."

"मग आता चहा मागवू," अध्यक्ष म्हणाले. चहा आला, आणि तो कोणी प्यायला नाही.

अशी बातमी घरी पोचायला माणूस लागत नाही. तराजू घरी आला तेव्हा अक्का स्वयंपाकघरात उभी होती, दोन्ही कुबड्या ओट्याला टेकवलेल्या.

"कंपनीला मिळालं म्हणे."

"हो."

"हॉटेलवालीने केलं असणार. मला ठाऊकच होतं. नटवी मेली. बस, चहा टाकते. चार जणांत एक तू, तू तरी काय करणार?"

इथे गप्प बसला असता तर चाललं असतं. पण तराजूला वाटलं, अक्का त्या बाईला उगाच शिव्या देते आहे, हे बरोबर नाही.

"मी जोडप्याला जास्त गुण दिले असते तर त्यांना मिळालं असतं."

अक्काने गॅस बंद केला. "म्हणजे? तू किती दिलेस?"

त्याने सांगितलं. का दिले तेही सांगितलं, सगळं, नीट, क्रमाने. आपला हात कसा अडला, आपण स्वतःवर कसा संशय घेतला. सांगता सांगता त्याला वाटत होतं की आता ती समजेल.

अक्का ओट्यापासून त्याच्याकडे वळली. "तुला कोणी कमी द्यायला सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"त्या पोरीची बाजू घेतली असं कोणी म्हटलं असतं?"

"म्हटलं असतं."

"मग म्हटलं असतं! फासावर दिलं असतं का तुला? चार दिवस बोलले असते. इथे कोण कोणाबद्दल बोलत नाही?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "त्या डंपरवाल्याने निदान ब्रेक तरी दाबला होता रे."

दारात भाची उभी होती. ड्यूटीवरून आलेली, गुडघ्यापर्यंत खडीची पांढरी भुकटी. तिने सगळं ऐकलं होतं. पाण्याचा तांब्या घेतला आणि पाय धुवायला मागे गेली. तराजूला वाटलं, तिने एक शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

पुढे त्याने जे केलं ते वरातीमागून घोडं. कंपनीचा माणूस आला तेव्हा त्याला घेऊन भरावावर गेला, काट्यांतून वाट काढत ओढ्याच्या पुलापर्यंत. माणूस बुटाला लागलेली कुसळं काढत म्हणाला, "छान आहे हो. पण इथे बघण्यासारखं काय आहे?"

"बघायचं नाही. जायचं आहे. लोक कामावर जातील."

"ते आहेच. पण आम्ही अनुभव देतो, सर. तुमच्या मंडळानेच आम्हाला त्यासाठी सर्वांत जास्त गुण दिलेत," आणि त्याने आदराने मान झुकवली. टोमणा नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. तेच जास्त लागलं.

तरीही त्याने तराजूचं मन मोडलं नाही. अंतिम आराखड्यात भरावावर एक तुटक रेघ आली. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, पुढील टप्पा. ज्याने सरकारी आराखडे पाहिलेत त्याला तुटक रेघेचा अर्थ सांगायला नको. रस्त्यावर मेलेल्या माणसाभोवती खडू फिरवतात, तशी ती कागदावर असते.

तळ्याकाठची वाट झाली, आणि खोटं कशाला बोला, देखणी झाली. मालकीणबाईंनी हॉटेलला एक मजला चढवला. सुट्टीच्या दिवशी लोक लांबून मोटारी घेऊन येतात, मोटारीच्या टपावर सायकली बांधलेल्या असतात, त्या उतरवतात, तळ्याला एक फेरी मारतात, सायकली पुन्हा टपावर चढवतात आणि निघून जातात. अध्यक्षांनी उद्घाटनाला तराजूला पुढे बोलावलं. तो मागच्या रांगेतून उठलाच नाही. त्याने मुदतीआधीच निवृत्ती मागून घेतली. ऑफिसात पेन्सिली परत आल्या, आणि चहाही निकालाआधी येऊ लागला. टंकलेखिका सांगते की आता बैठकांत पुन्हा हसण्याचे आवाज येतात.

आणि तराजू? त्याने एक जुनी सायकल विकत घेतली. रोज सकाळी भाचीबरोबर निघतो. ती कडेने, हा रस्त्याच्या बाजूने, तिच्या जरा मागे. पहिल्या दिवशी भाची चिडून उतरलीच.

"मामा, हे काय खूळ? तू असलास म्हणून डंपर लहान होणार आहे का?"

"नाही."

"मग?"

"त्याला आधी मी दिसेन."

"आणि मग काय होईल ते कळतंय का तुला?"

त्याने पेडलवर पाय ठेवला. ती पुढे निघाली, हाही निघाला. डंपरवाले भोंगा वाजवतात, एखादा खिडकीतून ओरडतो, "आजोबा, मरायचंच असेल तर घरी मरा, आमच्या लायसन्सवर कशाला?" धुळीने त्याला खोकला लागला आहे, आणि चढावर तो हळू पडतो म्हणून हल्ली भाचीलाच थांबावं लागतं. म्हणजे जास्त वेळ रस्त्यावर. हे त्यालाही कळतं. पण आता घरी बसणं त्याला जमत नाही. तिला सोडून एकटा परत येतो, दुपारी पुन्हा आणायला जातो.

अक्का त्याच्याशी बोलणं टाकून होती. बरेच महिने. वाढायची, पण ताट आपटून. मग एकदा दुपारी एक डंपर ओढ्याजवळ कलंडला, रस्ता बंद पडला आणि मामा-भाची अंधार पडल्यावर घरी आली. दोघंही धडधाकट, नुसती दमलेली. अक्का खिडकीशी कुबड्यांवर उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. बसायचं तिला सुचलं नव्हतं, आणि आता तिला स्वतःहून बसता येत नव्हतं. भाचीने धरून तिला खुर्चीत बसवलं.

मग ती इतक्या महिन्यांनंतर भावाशी बोलली.

"आधी एकीची वाट बघत होते," ती म्हणाली. "आता दोघांची बघते. एवढंच केलंस तू माझ्यासाठी."

तराजूने विजारीला लावलेली क्लिप काढली आणि हातात धरून उभा राहिला. तिच्या हिशेबात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मग तो बाहेर गेला आणि सकाळसाठी दोन्ही सायकलींत हवा भरू लागला.